गाडीची बॅटरी बदलली, पण दोष तिचा एकटीचा नव्हता

अप्पांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सकाळी साडेसातला दादरला पोचायचं होतं. जुलै 2024. रात्रभर पाऊस थांबलाच नव्हता. सहाला मुलुंडहून निघायचं म्हणून खाली उतरलो, अप्पांना पुढच्या सीटवर बसवलं आणि किल्ली फिरवली. मीटरवरचे दिवे लागले, पण बॉनेटखालून नुसतं टक-टक-टक-टक. सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, काही फिरेना. परत किल्ली फिरवली तर दिवेही मंद झाले. अप्पा काही बोलले नाहीत, फाईल मांडीवर घट्ट धरून समोर बघत राहिले.

शेजारच्या काकांकडे जंपर केबल होत्या, म्हणून त्या दिवशी निभावलं. त्यांनी ज्या क्रमाने त्या लावल्या तो माझ्या कायमचा लक्षात राहिला. लाल केबल आधी आमच्या बॅटरीच्या प्लसला, मग त्यांच्या प्लसला. काळी त्यांच्या मायनसला आणि तिचं दुसरं टोक आमच्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडावर. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडत असतो, म्हणून ती ठिणगी बॅटरीपासून लांब उडालेली बरी. त्यांची गाडी पाच मिनिटं चालू ठेवली, मग आमची सुरू झाली. ऑपरेशन वेळेवर झालं. दोन दिवसांनी गाडी पुन्हा ठप्प.

खरं तर पंधरा दिवस आधीपासून गाडी सांगत होती. सकाळी सेल्फ जड फिरायचा, सिग्नलला गाडी उभी असली की हेडलाइट किंचित मंद व्हायचे, एकदा घड्याळ आपोआप एक वाजल्यावर येऊन बसलं होतं. पावसाळा आहे, चालायचंच, असं म्हणून मी सोडून दिलं.

रस्त्यावरच्या एका दुकानदाराने बॉनेट न उघडताच निदान केलं, ‘बॅटरी गेली, नवी टाका.’ कदाचित बरोबरही असेल, पण चार हजार घालायच्या आधी मला नेमकं काय झालंय ते कळायला हवं होतं. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला साडेतीनशे रुपयांचा मल्टिमीटर घरात होता. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीच्या टर्मिनलांवर, म्हणजे प्लस आणि मायनसच्या टोकांवर, तो लावला, तर 11.9 व्होल्ट. बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे साधारण 2.1 व्होल्टचे सहा सेल, त्यामुळे पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत 12.6 ते 12.7 दाखवते. 12.2 ला ती अर्धी रिकामी असते आणि 11.9 ला जवळजवळ संपलेली.

पण संपलेली बॅटरी आणि खराब झालेली बॅटरी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला तेव्हा कळलं. म्हणून ती काढून दुकानात रात्रभर हळू चार्जिंगला ठेवली. सकाळी 12.5. घरी आणून काहीही न जोडता ठेवली, तर दुसऱ्या सकाळी 12.2. म्हणजे भरलेलं धरून ठेवायची ताकदच राहिली नव्हती. पुन्हा गाडीत बसवून सेल्फ मारताना दुकानदाराने मीटर धरला, तर आकडा 8.7 पर्यंत कोसळला. सेल्फ मारताना बॅटरीने 9.6 च्या वर राहायला हवं. मग इंजिन चालू असताना मोजलं, 14.2. हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं लावून 13.9. म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा अल्टरनेटर नीट चार्ज करत होता. तो बिघडलेला असता तर नवी बॅटरीही आठवड्यात झोपली असती.

ही बॅटरी जुलै 2020 मध्ये टाकली होती, म्हणजे नेमकी चार वर्षं झाली होती. आपल्याकडच्या उष्णतेत तीन ते पाच वर्षं हे साधारण आयुष्य धरतात, त्यामुळे वय झालंच होतं. पण गाडी घेतली 2018 ला आणि तिच्यासोबत आलेली पहिली बॅटरी दोनच वर्षांत गेली होती. लॉकडाऊनमध्ये गाडी मार्चपासून तीन महिने एकाच जागी उभी होती. बॅटरी रिकाम्या अवस्थेत पडून राहिली की शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक स्फटिक जमतात आणि मग कितीही चार्ज केलं तरी तो भाग परत कामाला येत नाही. म्हणून बॅटरी किती वर्षं टिकते याचं उत्तर नुसतं कॅलेंडर बघून मिळत नाही. मी लोकलने कामाला जाते, गाडी शनिवार-रविवारच बाहेर निघते आणि तीही बऱ्याचदा स्टेशनपर्यंत, दोन किलोमीटर. सेल्फने घेतलेलं तेवढ्यात भरूनही निघत नाही. पावसात ट्रॅफिकमध्ये अडकलं की वायपर, एसी, दिवे सगळं चालू आणि इंजिन मात्र मंद. तेव्हा अल्टरनेटरही कमीच देतो.

तरी एक गोष्ट मनातून जाईना. मे महिन्यापर्यंत सगळं ठीक होतं आणि दोन महिन्यांत एवढी घसरण? भांडुपच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवलं. तरुण मुलगा होता, पण कामात फार नीट. त्याने मायनसची तार सोडून तार आणि टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडला, गाडी लॉक केली आणि म्हणाला, ‘ताई, अर्धा तास थांबा, गाडीतले कॉम्प्युटर झोपू देत.’ आम्ही पावसात त्याच्या ताडपत्रीखाली उभे राहिलो. अर्ध्या तासाने मीटर 0.28 अँपिअरवर. बंद गाडीने जास्तीत जास्त 0.05 पर्यंत खावं. मग तो एकेक फ्यूज काढत गेला. एका फ्यूजला आकडा एकदम 0.02 वर उतरला.

त्या फ्यूजवर डॅशकॅमची, म्हणजे समोरचा रस्ता टिपणाऱ्या कॅमेऱ्याची, तार होती. मेमध्येच बसवून घेतला होता. ज्याने बसवला त्याने तार किल्लीबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजऐवजी कायम चालू असलेल्या फ्यूजला जोडली होती. 0.28 ला 24 ने गुणा, दिवसाला जवळपास 6.7 अँपिअर-तास. आमची बॅटरी 35 ची. सोमवारी उभी केलेली गाडी शुक्रवारपर्यंत आतल्या आत रिकामी होत होती, दर आठवड्याला. वय झालेल्या बॅटरीला ते झेपलं नाही. मी थेट नवी टाकली असती तर तीही अशीच मरत गेली असती आणि मी कंपनीला दोष देत बसले असते. तार बदलायला त्या मुलाने दीडशे रुपये घेतले.

त्यानंतर नवी बॅटरी घेतली. पहिल्या दुकानात समोर आली ती अकरा महिन्यांपूर्वी बनलेली, वर धुळीचा थर. बॅटरी नुसती फळीवर पडून असली तरी हळूहळू उतरत असते, म्हणून ती नाकारली. दुसऱ्या दुकानात दोन महिन्यांपूर्वीची मिळाली. क्षमता, माप आणि प्लस कोणत्या बाजूला आहे, हे जुन्या बॅटरीशी जुळवून घेतलं. प्लस उलट्या बाजूला असला तर तार पोचत नाही. वॉरंटी 24 अधिक 24 महिने होती. याचा अर्थ पहिली दोन वर्षं फुकट बदलून मिळते आणि पुढची दोन वर्षं फक्त किमतीत सूट. दुकानदार तोंडाने ‘चार वर्षं वॉरंटी’ म्हणतो, पण कार्डावर तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका. जुन्या बॅटरीचे सातशे वजा जाऊन 4,100 झाले. ती भंगारवाल्याला न देता दुकानातच द्यावी असं मला मनापासून वाटतं. आत शिसं आणि ॲसिड असतं आणि 2022 च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

बदलताना दहाच्या पान्याने आधी मायनस सोडला, नंतर प्लस. लावताना उलट. प्लसवरची पांढरट-हिरवी पावडर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुतली. घड्याळ आणि काचांचं एका दाबात वर जाणं, दोन्ही पुन्हा सेट करावं लागलं. बॅटरीच्या अंगावर मार्करने तारीख लिहून ठेवली.

आता तिसऱ्या वर्षापासून दर मेमध्ये, पावसाच्या आधी, दुकानात लोड टेस्ट, म्हणजे बॅटरीवर भार टाकून तपासणी, करून घ्यायची असं ठरवलंय. रात्रभर चार्ज करूनही 12.4 च्या खाली आली, सेल्फ मारताना 9.6 सोडला किंवा डबा फुगलेला दिसला, तर बंद पडायची वाट न बघता बदलायची.

अप्पांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ऑक्टोबरमध्ये होतं. आदल्या रात्री टॉर्च घेऊन खाली गेले आणि मीटर लावला. 12.6. वर येऊन अप्पांना सांगितलं, मग झोपले.