चलानवर टेम्परिंग लिहिलं नव्हतं

घरच्या सागवानी कपाटाच्या कुलपातली स्प्रिंग तुटली. बोटभर लांबीची पट्टी, मधे एक बाक, बस्स. नवीन कुलूप जुन्या खाचेत बसेना, म्हणून पट्टीच करायला घेतली. रविवारी जुन्या बाजारातून मोडकी करवत आणली, तिचा तुकडा लाल करून रात्रभर राखेत पुरला. सकाळी मऊ झाला होता. कापला, घासला, वाकवला.

इथून पुढे घोडं पेंड खायला लागलं. कडक करायला भट्टी लागते या समजुतीने भोसरीच्या एका हीट ट्रीटमेंटवाल्याकडे गेलो. पहिला हेलपाटा गुरुवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी. कोथरूडहून भोसरी, अर्धा दिवस गेला. दुसऱ्यांदा काउंटरवरचा मुलगा हसला, "काका, एकच नग? आमच्याकडे किलोवर लॉट लागतो." मिनिमम चार्ज भरतो म्हटल्यावर त्याने चलान पुढे सरकवलं. मी लिहिलं, 'स्प्रिंग, नग 1, हार्डनिंग.' ग्रेड विचारला. मोडक्या करवतीचा ग्रेड मी कुठून सांगू? 'हाय कार्बन' लिहून मोकळा झालो. "परवा या" म्हणाला, त्या परवाला अकरा दिवस लागले.

पट्टी काळी होऊन आली. कानस मारून पाहिली तर काचेवरून घसरावी तशी घसरली. मी खूश! घरी कुलपात बसवताना पक्कडीने जरा दाबली आणि टक्. दोन तुकडे. तुटल्या जागी बारीक राखाडी दाणे, वाकल्याची खूणसुद्धा नाही. फोन केला तर उत्तर आलं, "काका, हार्डनिंग लिहिलंत, हार्डनिंग केलं. टेम्परिंग चलानवर कुठंय?"

त्याचं चुकलं नव्हतं, तेच जास्त झोंबलं. पण वर 'स्प्रिंग' लिहिलेलं दिसत असताना एका शब्दाने विचारायला काय जात होतं? नुसतं कडक केलेलं पोलाद ठिसूळच असतं, पुन्हा बेताचं तापवल्याशिवाय, म्हणजे टेम्परिंगशिवाय, ते लवचीक होत नाही. लोहार पाणी देऊन झाल्यावर थांबत नाही, उष्णता थोडी परत येऊ देतो, ते याचसाठी. तेव्हा तुम्ही गेलात तर 'हार्डनिंग आणि टेम्परिंग, 42 ते 48 एचआरसी' (एचआरसी हे कडकपणाचं माप) असं ठळक लिहा, आणि चलानचा फोटो काढून ठेवा.

दुसरी पट्टी मी बाल्कनीतच केली. रात्री दिवा घालवून, म्हणजे रंग नीट कळतो. गॅस टॉर्चने तापवत लोहचुंबक लावून बघायचं. साधारण 770 अंशांना चुंबक धरेनासा होतो, त्याच्या थोडं वर नेलं की लगेच तेलात. पातळ पट्टी हवेतच निवते, म्हणून तेलाचा डबा ज्योतीच्या अगदी खाली हवा. डबा पत्र्याचा, झाकण हाताशी, कारण तेल भडकू शकतं. पाण्यात बुडवू नका, पातळ पट्टी तडकते. मी शेंगदाण्याचं तेल कोमट करून घेतलं. सौ. काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

मग टेम्परिंग. घरचा ओव्हन जेमतेम 250 पर्यंत जातो, स्प्रिंगला किमान 300 तरी हवेत. लोखंडी कढईत वाळू तापवली आणि पट्टी वर ठेवली. आधी पॉलिश पेपरने चकचकीत करा, काळ्या पट्टीवर रंग दिसत नाहीत. फिकट पिवळा, तपकिरी, जांभळा आणि मग मोरपिशी निळा. निळा आला की उचलायची. माझी एक पट्टी फोन घेण्याच्या नादात करडी झाली. ती वाकली की वाकलेलीच राहायला लागली.

भोकं पाडायची असतील तर कडक करण्याआधीच पाडा, नंतर ड्रिलचं टोक जळतं. हे मला तिसऱ्या पट्टीला आठवलं. तीच आता कुलपात आहे. व्हाइसमध्ये वीसदा दाबून मगच बसवली.