दिसायला बटन, आतून लिंक

सध्या रावेर साइडच्या एका केळी व्यापाऱ्याचं पट्ट्यांचं, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबाच्या चिठ्ठ्यांचं, ॲप माझ्याकडे आलंय. शेतकऱ्याच्या बागेत कटाई झाली, गाडी भरली, काट्यावर वजन झालं की त्याची पट्टी बनवायची, भाव टाकायचा, कपात टाकायची आणि पैसे दिले की तशी नोंद करायची, एवढंच काम. रेल्समध्ये, म्हणजे रुबी ऑन रेल्स या वेब फ्रेमवर्कमध्ये आहे. आधीचा कोड जळगावच्याच एका पोराने लिहिलेला, पोरगं हुशार आहे, टेबलं व्यवस्थित, नावं व्यवस्थित, पण व्ह्यूच्या, म्हणजे स्क्रीनवर काय दिसायचं त्याच्या, फाइली उघडल्या की जिथेतिथे लिंक_टू, म्हणजे लिंक बनवून देणारा रेल्सचा हेल्पर. 'पट्टी पहा' लिंक_टू, 'बदला' लिंक_टू, 'रद्द करा' पण लिंक_टू आणि 'पैसे दिले' पण लिंक_टूच, आणि चौघांना बूटस्ट्रॅप या तयार डिझाइनच्या लायब्ररीचे बटनाचे क्लास लावलेले म्हणून स्क्रीनवर एका ओळीत चार रंगीत बटनं दिसतात. त्याला विचारलं तर म्हणे, "दिसून तर बटनच राहिलं ना भो, मग?"

तर हा 'मग' मोठा आहे म्हणून लिहायला बसलो.

लिंक म्हणजे पत्ता. ती दाबली की ब्राउझर गेट रिक्वेस्ट पाठवतो, आणि गेटचा नियम असा की नुसतं बघायचं, काही बदलायचं नाही. हे काही माझं मत नाही, १९९९ च्या एचटीटीपी १.१ च्या आरएफसीमध्येही, म्हणजे इंटरनेटच्या नियमांच्या कागदातही आहे आणि २०२२ च्या आरएफसी ९११० मध्येही आहे. बटन म्हणजे फॉर्म सबमिट, सर्व्हरला काहीतरी करायला सांगणं. पट्टी वाचणं वेगळं आणि पट्टीवर सही करणं वेगळं, शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही, आपल्यालाच सांगावं लागतं.

आता कोणी म्हणेल की नियम राहू दे, चालतंय ना. चालतं, जोपर्यंत लिंक फक्त माणूसच दाबतोय तोपर्यंत. २००५ मध्ये गूगलने वेब ॲक्सिलरेटर नावाचं एक सॉफ्टवेअर काढलं होतं, ते काय करायचं तर तुम्ही पान वाचत असताना त्या पानावरच्या लिंक आधीच जाऊन उघडून ठेवायचं, म्हणजे तुम्ही क्लिक केलं की पान पटकन येईल. कल्पना चांगली, पण तेव्हा कित्येक वेब ॲपमध्ये डिलीट म्हणजे साधी लिंक असायची. थर्टीसेव्हन सिग्नल्स कंपनीच्या बॅकपॅकमध्ये, म्हणजे ज्यांच्याकडून रेल्स आलं त्यांच्याच प्रॉडक्टमध्ये, लोकांची पानं आपोआप डिलीट व्हायला लागली. 'नक्की काढायचं का?' वाला जावास्क्रिप्टचा डबा होता ना, पण तो माणसाच्या क्लिकला अडवतो, आधीच पान आणायला गेलेल्या सॉफ्टवेअरला तो दिसतच नाही. रेल्सच्या डॉक्युमेंटेशनमध्ये बटन_टू (फॉर्मसकट खरं बटन बनवून देणारा हेल्पर) खाली कित्येक वर्षं एक ओळ होती की डेटा बदलणारी कामं सर्च बॉट आणि ॲक्सिलरेटरकडून चुकून होऊ नयेत यासाठी हा सगळ्यात सुरक्षित मार्ग. ॲक्सिलरेटर हा शब्द तिथे का, ते यावरून कळतं.

जुनी गोष्ट आहे म्हणून सोडून देऊ नका. टर्बो म्हणजे आता रेल्ससोबत येणारी, पानं पटकन बदलणारी जावास्क्रिप्ट. टर्बो ८ आलं २०२४ मध्ये, आणि त्यात माउस लिंकवर नेला की टर्बो ते पान आधीच मागवून ठेवतो, हे बाय डिफॉल्ट चालू आहे. म्हणजे या ॲपमध्ये 'पैसे दिले' ही साधी गेट लिंक असताना टर्बो अपग्रेड केलं असतं तर व्यापाऱ्याचा हिशोब ठेवणाऱ्या दिवाणजींनी यादीवरून नुसता माउस फिरवला तरी शेतकऱ्यांचे पैसे दिल्याची नोंद पडली असती. आणि केळीच्या धंद्यात पैसे दिले की नाही दिले यावरून काय काय होतं ते सावदा-फैजपूरकडच्या कोणालाही विचारा.

'रद्द करा' ची कहाणी थोडी वेगळी. तिथे पोराने लिंक_टूला मेथड डिलीट (म्हणजे गेटऐवजी डिलीट रिक्वेस्ट पाठव) दिलेलं होतं, जुन्या ट्युटोरियलमध्ये सगळीकडे तसंच आहे. पूर्वी ते चालायचं कारण रेल्ससोबत रेल्स-यूजेएस नावाची एक जावास्क्रिप्ट यायची, ती अशा लिंकचं क्लिक पकडून गुपचूप फॉर्म बनवून पाठवायची. डिसेंबर २०२१ ला रेल्स ७ आलं आणि नवीन ॲपमधून ती स्क्रिप्ट गेली, टर्बो आलं. मग काय होतं, रद्द करा दाबलं की पट्टी रद्द होत नाही, उलट तीच पट्टी उघडून समोर येते, कारण पत्ता तोच आहे आणि गेटने गेलं की तो 'शो' चा, म्हणजे पट्टी दाखवायचा पत्ता. एरर पण येत नाही, माणूस नुसता दाबत बसतो. नेटवर शोधलं की उत्तर मिळतं की डेटा-टर्बो-मेथड लावा. लावलं की चालतं, पण आतमध्ये तेच आहे, टर्बो लिंकवरून फॉर्म बनवतो. राइट क्लिक करून नवीन टॅबमध्ये उघडलं की परत गेट. जावास्क्रिप्ट उतरायच्या आत दाबलं की परत गेट, आणि सातपुड्याच्या पायथ्याला बांधावर उभं राहून मोबाइलवर ॲप उघडणाऱ्याचं नेट कसं असतं ते मी काय सांगू. टर्बोचं हँडबुक स्वतःच म्हणतं की गेट सोडून बाकीच्यासाठी फॉर्म किंवा बटन वापरा. मग सरळ बटन_टू लिहायचं ना.

बटन_टू काय बनवून देतं हे एकदा ब्राउझरमध्ये पेजचा सोर्स उघडून बघाच, बऱ्याच जणांनी पाहिलेलं नसतं. एक छोटा फॉर्म असतो, त्यात बटन, आणि दोन लपलेली फील्ड. एचटीएमएलच्या फॉर्मला नेटवर्कवर पाठवायला गेट आणि पोस्ट सोडून तिसरं काही येत नाही, म्हणून डिलीट (काढणं) किंवा पॅच (बदलणं) करायचं असेल तर फॉर्म पोस्टनेच जातो आणि एका लपलेल्या _मेथड फील्डमध्ये खरं काय करायचं ते लिहिलेलं असतं, रेल्स ते वाचून डिलीट समजतं. दुसरं फील्ड म्हणजे ऑथेंटिसिटी टोकन, म्हणजे भलत्याच साइटने तुमच्या लॉगिनचा फायदा घेऊन आपल्या सर्व्हरला फॉर्म पाठवला तर तो नाकारता यावा. रेल्स हे टोकन गेटवर तपासत नाही. म्हणजे 'पैसे दिले' गेटवर ठेवलं की ते संरक्षणही गेलं, कोणीतरी दिवाणजींना व्हॉट्सॲपवर ती लिंक पाठवली आणि त्यांनी ती दाबली की काम झालं.

इतकं चांगलं आहे तर लोक वापरत का नाहीत? माझ्या मते निम्म्या जणांचं कारण डिझाइनचं आहे. बटनाभोवती फॉर्म आला, फॉर्म ब्लॉक असतो, म्हणजे पूर्ण ओळ घेतो, त्यामुळे चार गोष्टी एका ओळीत असायच्या त्या पायऱ्यांसारख्या एकाखाली एक पडतात, मग पोरं वैतागतात आणि लिंक_टू वर परत जातात. याला इलाज सोपा आहे. त्या सेलला आतून एक डिव्ह द्या आणि त्याला फ्लेक्स करा, किंवा बटन_टूला फॉर्म_क्लास देऊन फॉर्मलाच इनलाइन करा. क्लास असं नुसतं दिलं तर तो बटनाला लागतो, फॉर्मला नाही, इथे बरेच जण अडकतात. 'नक्की का?' विचारायचं असेल तर टर्बो-कन्फर्म फॉर्मच्या डेटामध्ये टाका.

अजून एक, आणि हे बेक्कार आहे. पट्टी बदलायच्या पानावर मोठा फॉर्म असतो, त्याच्या पोटात खाली 'रद्द करा' साठी बटन_टू टाकलं तर फॉर्ममध्ये फॉर्म झाला. एचटीएमएलला हे चालत नाही, ब्राउझर आतला फॉर्म टॅग गिळून टाकतो पण आतली लपलेली फील्ड तशीच राहतात, ती बाहेरच्या फॉर्मची होऊन जातात. आता बाहेरच्या फॉर्ममध्ये _मेथड दोनदा, एक पॅच आणि एक डिलीट, आणि सर्व्हर शेवटचं धरतो. दिवाणजी वजन दुरुस्त करून सेव्ह दाबतात आणि पट्टी गायब होऊ शकते. लॉगमध्ये बघितलं नाही तर हे दिवसभर सापडत नाही. रद्दचा फॉर्म मोठ्या फॉर्मच्या बाहेर ठेवा, आणि बटन आतच दिसायला हवं असेल तर बटनाला फॉर्म नावाचं ॲट्रिब्यूट असतं, त्यात रद्दच्या फॉर्मचा आयडी द्या. साधं एचटीएमएल आहे, जावास्क्रिप्ट लागत नाही.

दिवाणजींचा विषय निघालाच तर कीबोर्ड. हे लोक टॅलीवर वाढलेले, माउसला हात लावत नाहीत, टॅब टॅब टॅब आणि मग एंटर किंवा स्पेस. बटन दोन्हीवर चालतं. लिंक फक्त एंटरवर चालते, स्पेस दाबला की पान खाली सरकतं. लिंकला बटनाचा रंग देऊन हे बदलत नाही. तसंच डिसेबल्ड. पैसे एकदा दिले की ते बटन बंद पाहिजे, तर लिंकला डिसेबल्ड असा प्रकारच नाही, बूटस्ट्रॅपचा क्लास लावला की माउसचं क्लिक अडतं पण टॅबने जाऊन एंटर मारला की चाललं. खऱ्या बटनाला डिसेबल्ड आहे, आणि फॉर्म जात असताना टर्बो ते बटन स्वतःच बंद करतो म्हणजे घाईत दोनदा दाबलं तरी दोन नोंदी पडत नाहीत. टर्बो-सबमिट्स-विथ मध्ये 'नोंद होतेय…' लिहून ठेवलं की तेवढा वेळ बटनावर तेच दिसतं. अर्थात सर्व्हरवर तपासणी हवीच, बटनावर सगळा भार टाकू नका.

आता लिंकची बाजू पण घेतो, नाहीतर वाटेल मी लिंकच्या विरोधात आहे. 'पहा', 'बदला', पुढचं पान, या महिन्याच्या पट्ट्या, फक्त बाकी असलेल्या पट्ट्या, या सगळ्या लिंकच पाहिजेत. काही जण उलटं करतात, बटन ठेवून ऑनक्लिकमध्ये पान बदलतात. मग नवीन टॅब नाही, पत्ता कॉपी होत नाही, व्यापाऱ्याला 'बाकी पट्ट्या' चं पान भावाला व्हॉट्सॲप करायचं असतं ते करता येत नाही. शोधायचा फॉर्म सुद्धा गेटचाच ठेवा, म्हणजे शोधलेलं सगळं पत्त्यात येतं.

आणि पत्ते हाताने लिहू नका. रेल्सला राउट्सवरून, म्हणजे कुठला पत्ता कुठल्या कामाचा या यादीवरून, पाथ हेल्पर मिळतात, तसंच दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये, लारावेलमध्ये राउट फंक्शन, जँगोमध्ये यूआरएल टॅग, तिन्हीचं काम एकच, नाव सांगा आणि पत्ता घ्या. उद्या पट्ट्यांचा पत्ता बदलला तर एकाच फाइलीत बदलेल. पाथ (साइटचं नाव नसलेला पत्ता) आणि यूआरएल (पूर्ण पत्ता) यातला फरक मात्र ईमेलमध्ये चावतो, ईमेलला आपण कुठल्या साइटवर आहोत हे माहीत नसतं म्हणून तिथे पूर्ण पत्ता देणारा _यूआरएल वाला हेल्परच लागतो. जँगोवाल्यांनी तर लॉगआउट सुद्धा सुधारलं, गेटने लॉगआउट होणं ५.० मध्ये, म्हणजे डिसेंबर २०२३ ला, बंदच केलं, आता तिथे फॉर्म लागतो. सुरुवातीला लोकांनी बरीच कुरकुर केली पण बरोबर आहे ते.

आपल्या मराठीसाठी एक खास. पत्त्यात गावाचं नाव यावं म्हणून बरेच जण आयडीला नाव जोडतात आणि नावावर पॅरामीटराइझ, म्हणजे नाव पत्त्यात चालेल असं करणारी रेल्सची मेथड, चालवतात. देवनागरीवर ते चालवलं की हातात रिकामी स्ट्रिंग येते, म्हणजे १२-जळगाव च्या ऐवजी नुसतं १२ आणि पुढे लोंबकळणारी डॅश. देवनागरी तशीच ठेवली तर चालतं पण व्हॉट्सॲपवर पेस्ट करताना एकेका अक्षरचिन्हाची नऊ अक्षरं होऊ शकतात, एकट्या जळगावची पंचेचाळीस. मी सरळ आयडी ठेवतो. यादीत ओळीओळीला नुसतं 'पहा' असेल तर स्क्रीन रीडरवाल्याला पहा पहा पहा एवढंच ऐकू येतं, एरिया-लेबल (aria-label) मध्ये, म्हणजे स्क्रीन रीडरने वाचायच्या नावात, पट्टी नंबर आणि शेतकऱ्याचं नाव टाका, एका ओळीचं काम आहे.

या ॲपमध्ये गोडाऊनच्या लोकेशनचं पण एक फील्ड आहे, व्यापारी त्यात मॅपची लिंक पेस्ट करतात आणि व्ह्यू ती जशीच्या तशी लिंक_टूला देतो. लिंक_टू अक्षरं एस्केप करतं, म्हणजे एचटीएमएल मोडणारी चिन्हं निरुपद्रवी करतं, पण पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीच आहे की जावास्क्रिप्ट आणि कोलन आहे, म्हणजे दाबलं की भलताच कोड चालेल, हे बघत नाही. सेव्ह करतानाच तपासा, एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस नसेल तर घेऊच नका.

असं जुनं ॲप हातात आलं तर व्ह्यू उघडायच्या आधी राउट्स फाइल उघडा. गेटच्या ओळींमध्ये रद्द, मंजूर, दिले, पाठवा असलं काही दिसलं की ती ओळ आधी पोस्ट किंवा पॅच करा. मग टेस्ट चालवा, नसतील तर ॲपमध्ये एकेक क्लिक करा, जिथे राउटिंग एरर येईल तिथे लिंक_टू काढून बटन_टू लावा. मेथड डिलीटवाल्या लिंक मात्र अशा एरर देत नाहीत, त्या व्ह्यूच्या फोल्डरमध्ये सर्च करूनच शोधाव्या लागतात.