दिसत नाही म्हणून कोणी विचारत नाही

आज सकाळी चहा परत हनुवटीवरून ओघळून शर्टावर आला आणि मला पत्ताच नाही, बायकोने समोरून स्वतःच्या हनुवटीला बोट लावून खूण केली तेव्हा कुठे पुसलं. अक्कलदाढ काढून दीड महिना होऊन गेला, सूज उतरली, टाके निघाले, तोंड पण बऱ्यापैकी उघडतं, पण डावीकडचा खालचा ओठ आणि त्याखालची हनुवटी अजून बधिरच आहे. दुखत अजिबात नाही. आणि हेच लोकांना सांगणं सगळ्यात कठीण जातं. गाल टम्म सुजलेला तेव्हा येणारा जाणारा विचारत होता, शेजारच्या काकी पेज घेऊन यायच्या, आता चेहरा नीट दिसतो तर आई म्हणते, "सूज तर उतारली, मगे आता काय होता तुका?" तिचं काही चुकत नाही, दिसतच नाही तर तिला कळणार कसं.

दाढ खालच्या जबड्यात आडवी अडकलेली, पुढच्या दाढेला रेटत होती, सारखा पू व्हायचा, त्यामुळे काढणं भाग होतं. एक्सरेत मुळं नसेच्या अगदी जवळ दिसली म्हणून डॉक्टरांनी थ्रीडी स्कॅन पण करायला लावला, आणि सही घेण्याआधी मला समोर बसवून स्पष्ट सांगितलेलं की ओठ काही महिने बधिर राहू शकतो, क्वचित कायमचाही. त्यामुळे माझी कोणावर तक्रार नाही. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते, खालच्या दातांना, ओठाला, हनुवटीला स्पर्श कळतो तो तिच्यामुळे, दाढ काढताना ती दाबली किंवा ताणली गेली की हे असं होतं. ओठ हलवणारी नस वेगळी. म्हणून तोंड वाकडं होत नाही, बोलताना समोरच्याला काही जाणवत नाही, फक्त मलाच माझा अर्धा ओठ लागत नाही.

पहिला आठवडा तसा गेला निभावून. आषाढातला पाऊस, लाईट सारखी जायची, बर्फ जमायच्या आत वितळायचा, आई उकड्या तांदळाची पेज कोमट करून द्यायची. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या पाण्याने हळू हळू गुळण्या. स्ट्रॉ बंद, कारण ओढून प्यायलं की जखमेवर धरलेली रक्ताची गाठ सुटते आणि मग हाड उघडं पडून जे दुखतं त्याची डॉक्टरांनी आधीच भीती घातलेली, त्यामुळे शहाळं सुद्धा पेल्यात ओतून प्यायलो. जबडा आखडलेला, एक बोट जेमतेम जायचं, मग आईस्क्रीमच्या लाकडी काड्या दातांमध्ये धरून रोज एखादी वाढवायची असा व्यायाम दिला. तो मी मनापासून केला, कारण गणपती तोंडावर आलेत आणि आमच्या वाडीत घरोघरी भजन असतं, तोंड उघडलं नाही तर आकार लागणार कसा.

खरं जड गेलं ते जेवताना. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपली, ऑगस्टात ताजी मासळी यायला लागली, दोन महिने सुक्यावर काढलेले, सगळं घर खूश. आणि मी ताटात तारली घेऊन बसलेलो. आपण काटे हाताने कमी आणि ओठा-जिभेने जास्त काढतो हे मला तोपर्यंत कधी जाणवलंच नव्हतं. जीभ शाबूत आहे पण काटा ओठाशी येऊन अडकला तरी कळत नाही, शिवाय चावताना ओठ दाताखाली येतो, आतून दोनदा सोलवटला तेव्हा आरशात रक्त बघून समजलं. आता मी उजवीकडूनच खातो, सावकाश, सगळे उठले तरी माझं चालूच. दाढी करताना पण डावीकडे बोटाने चाचपत ब्लेड फिरवतो.

परवा मात्र एक झालं ते नीट लिहून ठेवतो. बांगड्याचं तिखलं होतं, भरपूर तिरफळं घातलेली. त्यातल्या एका तिरफळाचं साल (बी आई आधीच काढून टाकते) ओठाशी आलं आणि उजवीकडे ती नेहमीची चुणचुण सुरू झाली, बरोब्बर मधोमध येऊन थांबली. डावीकडे काहीच नाही. मी साल मुद्दाम ओठावरून डावीकडे फिरवत राहिलो, आणि डाव्या कोपऱ्यापाशी, अगदी कडेला, बारीकशी चुणचुण लागली. लागलीच! भास असेल म्हणून थोड्या वेळाने परत करून बघितलं, परत लागली. ताटावरच डोळ्यांत पाणी आलं, बायकोला वाटलं तिखट लागलं.

मागच्या वेळी डॉक्टरांनी कापसाने आणि पिनच्या टोकाने तपासून बधिर भागाभोवती पेनाने रेघ मारली आणि फोटो काढून ठेवला, म्हणाले पुढच्या वेळी ताडून बघू. नस तुटली नसेल, नुसती दुखावली असेल तर बहुतेकांची परत येते, पण वेळ लागतो, तंतू नव्याने वाढायचे असतील तर दिवसाला साधारण १ मिलिमीटर एवढाच वेग. मुंग्या येणं, चुणचुणणं हे चांगलं लक्षण असंही म्हणालेले. रात्री पडल्यावर हनुवटीत मुंग्या येतात हल्ली, आधी त्याने झोप उडायची, आता येऊ देत म्हणतो.

बुधवारी दाखवायला जायचंय. बी१२च्या गोळ्या अजून किती दिवस, आणि समजा हे असंच राहिलं तर पुढे कोणाला दाखवायचं, हे दोन्ही विचारायचंय, दुसरा प्रश्न मागच्या वेळी जिभेवर येऊन राहिलेला, या वेळी विचारणारच. आज रात्री तालमीला जाणार आहे. प, ब, म म्हणताना ओठ मिटला की नाही ते मला कळत नाही, पण ऐकणारे सांगतात की काही फरक नाही, तर त्यांच्यावर विश्वास ठेवून गायचं. बुवांना फोन करून सांगितलंय की मला सुरुवातीचा अभंग द्या, उशीर झाला की ओठ जड पडतो.