एकच स्ट्रेन, दोन फ्लास्क

सध्या माझ्या टेबलावर आल्टर्नारिया आल्टर्नाटाच्या अर्काच्या दोन कुप्या आहेत. बुरशी एकच, एकाच स्ट्रेनची म्हणजे वाणाची, एकाच स्लँटवरून (नळीतल्या तिरप्या घट्ट माध्यमावरून) उचललेली. एक वाढली बटाटा-डेक्स्ट्रोजच्या पातळ माध्यमात, शेकरवर. दुसरी झापेक-डॉक्समध्ये, म्हणजे साखर आणि क्षारांच्या साध्या माध्यमात, कपाटात न हलवता ठेवलेली, वर जाड काळपट साय धरेपर्यंत. पहिल्या फ्लास्कमध्ये फिकट गोळ्या झाल्या आणि बीजाणू जवळजवळ नाहीतच. दोन्ही अर्कांतलं एकूण प्रथिन मोजून सारखं करून घेतलं, तरी प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर पट्टे जुळत नाहीत. काही एकीत ठळक आहेत, तेच दुसरीत शोधावे लागतात. दोन्ही कुप्यांवर लेबल मात्र एकच लावता येईल: आल्टर्नारिया.

हे लेबल मला खटकतं, कारण अशाच अर्काचा थेंब माणसाच्या हातावर ठेवून टोचतात. पंधरा-वीस मिनिटांनी गांधी उठली आणि ती 3 मिलिमीटर किंवा त्याहून मोठी असली, तर चाचणी पॉझिटिव्ह धरतात. नाही उठली तर रुग्णाला सांगितलं जातं, तुम्हाला बुरशीची अ‍ॅलर्जी नाही. पण ज्या प्रथिनाची त्याला अ‍ॅलर्जी आहे, ते त्या फ्लास्कमध्ये बुरशीने बनवलंच नसेल तर? अमेरिकेत मांजर, धुळीतले माइट, काही गवतं, मधमाशीचं विष अशा मोजक्या अर्कांचं अधिकृत प्रमाणीकरण झालं आहे. त्या यादीत एकही बुरशी नाही. एका कारखान्याचा अर्क दुसऱ्याशी जुळत नाही, आणि त्याच कारखान्याचे दोन लॉटही नेहमी जुळतातच असं नाही.

आल्टर्नारियाचं मुख्य अ‍ॅलर्जन (अ‍ॅलर्जी जागवणारं प्रथिन) म्हणजे आल्ट ए 1. या बुरशीची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेकांच्या रक्तात याच्याविरुद्ध आयजीई (अ‍ॅलर्जीशी जोडलेलं प्रतिपिंड) सापडतं. हे प्रथिन बीजाणूच्या भिंतीत असतं आणि बुरशी ते बाहेरही सोडते. म्हणजे फ्लास्क गाळून साय ठेवली आणि खालचं पाणी बेसिनमध्ये ओतलं, तर त्यातलं बरंच आल्ट ए 1 बेसिनमध्ये गेलं. उलट ते पाणी ठेवायचं म्हटलं, तर बटाट्याची किंवा यीस्टच्या अर्काची प्रथिनंही सोबत येतात आणि प्रथिनाची मोजणीच फसवी होते. म्हणून मी झापेक-डॉक्सच्या बाजूची आहे. लिटरमागे 30 ग्रॅम साखर, 3 ग्रॅम सोडियम नायट्रेट आणि थोडे क्षार. त्यात प्रथिन नसतंच, म्हणून नंतर जे प्रथिन सापडेल ते बुरशीचंच. वाढ हळू होते, ती होऊ द्यावी.

वयाचंही तसंच. कोवळ्या कल्चरमध्ये तंतूच तंतू, बीजाणू थोडे. फार दिवस ठेवलं तर तंतू स्वतःलाच पचवू लागतात, आणि सुटलेली प्रोटिएझ विकरं आपल्याला हवी ती प्रथिनंही तोडतात. बीजाणू हवे असतील तर उजेड-अंधाराची पाळी लागते. सतत उजेडात आल्टर्नारिया मनासारखे बीजाणू धरत नाही. एकाच स्ट्रेनला वर्षानुवर्षं प्लेटवरून प्लेटवर हलवत राहिलं, तर ती पांढरी, कापसासारखी, वांझ होत जाते. दिसायला ती फार निरोगी वाटते!

अ‍ॅस्परजिलस फ्युमिगॅटसची गोष्ट मला त्याहून विलक्षण वाटते. ही बुरशी 37 अंशांवर झपाट्याने वाढते, म्हणून आपण इनक्युबेटर तिथे लावून मोकळे होतो. पण येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं, की 17 अंशांवर रेंगाळत वाढलेल्या बीजाणूंची अ‍ॅलर्जी जागवण्याची ताकद 32 अंशांवरच्या बीजाणूंपेक्षा जास्त होती. तिचंच अ‍ॅस्प एफ 2 हे प्रथिन बुरशी बनवते ती जस्ताची टंचाई पडली की, आणि तेही माध्यम उदासीन किंवा अल्कधर्मी असताना. झापेक-डॉक्सच्या मूळ कृतीत लोह आहे, जस्त नाही. पाण्यातून किंवा क्षारांच्या अशुद्धीतून येईल तेवढंच. म्हणजे डिस्टिल्ड पाणी वापरलं की नळाचं, यावरसुद्धा अ‍ॅलर्जनचं प्रमाण बदलू शकतं. आमच्या विद्यार्थ्यांना मी वहीत पाण्याचा प्रकार लिहायला लावते आणि ते कुरकुरतात. कुरकुरू देत.

मी राहते ते औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, हे हवेतल्या बीजाणूंच्या अभ्यासाचं जुनं गाव. मराठवाडा विद्यापीठात प्रा. एस. टी. टिळकांनी हवेचे नमुने घेणारं यंत्र बनवलं, अजिंठ्याच्या लेण्यांतली हवासुद्धा तपासली. त्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. त्याच वाटेने पुढे जायचं, तर आता बीजाणू मोजून थांबता येणार नाही. त्यांच्यात काय आहे तेही मोजावं लागेल. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात वेगवेगळ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये टिमोथी गवत वाढवलं आणि त्याच्या पानांवर आल्टर्नारिया लावली. हवेच्या दर दहा लाख भागांत 500-600 भाग (पीपीएम) कार्बन डायऑक्साइड असताना वाढलेल्या पानांवर, कमी प्रमाणात वाढलेल्यांपेक्षा जवळजवळ तिप्पट बीजाणू आले. पानातलं नायट्रोजन कार्बनच्या मानाने जितकं कमी, तितकं दर बीजाणूमागचं अँटिजेनही (प्रतिपिंडं ओळखतात ते प्रथिन) कमी, तरी झाडामागे एकूण अँटिजेन दुपटीहून जास्त झालं. इथे नुसती बीजाणूंची संख्या पाहणारा एक अंदाज करेल आणि एकाच बीजाणूचा अर्क काढणारा अगदी उलटा.

शिवाय बीजाणू कोरडा आहे की अंकुरतोय, हेही पाहायचं. सिडनीच्या संशोधकांनी 2003 मध्ये दाखवलं, की अनेक जातींचे बीजाणू अंकुर फुटल्यावर कितीतरी जास्त प्रमाणात अ‍ॅलर्जन बाहेर सोडतात. नाकातल्या ओलाव्यात बीजाणू अंकुरू शकतो. अर्कात तो बहुधा वाळवून दळलेला असतो.

ज्यांना दमा आहे, ओल आलेल्या खोलीत किंवा खळ्यावर धाप लागते आणि बुरशीची त्वचाचाचणी मात्र निगेटिव्ह आली आहे, त्यांनी डॉक्टरांना जरूर विचारावं, की रक्तात आल्ट ए 1 किंवा अ‍ॅस्प एफ 1 यांविरुद्धचं आयजीई वेगळं तपासता येईल का. त्या चाचणीत कृत्रिमरीत्या बनवलेलं एकच शुद्ध प्रथिन वापरतात, त्यामुळे फ्लास्कमध्ये बुरशीला काय मिळालं हा प्रश्न तिथे उरत नाही. आणि प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी कुपीवर नावाबरोबर स्ट्रेन क्रमांक, माध्यम, तापमान, दिवस, उजेड, आणि अर्क सायीचा की पाण्याचा, एवढं लिहावं. लेबल छोटं पडलं तर मोठं लेबल छापा.