दुपारी तीनचा ओपन माइक

मी कुडाळजवळच्या एका गावात राहते, पतपेढीत नोकरी करते आणि २०२२ पासून स्टँड-अप कॉमेडी करते. सावंतवाडीच्या, मालवणच्या, एकदा तर राजापूरच्या मुलीने मला विचारलं की ताई, इथे राहून हे जमतं का, सुरुवात कुठून करायची? दर वेळी फोनवर तासभर बोलणं होतं आणि निम्मं राहून जातं. म्हणून सगळं लिहून काढते आहे.

आमच्याकडे लोकांना हसवणं ही नवी गोष्ट नाही. जत्रेच्या रात्री देवाची पालखी फिरून आली की दशावतार उभा राहतो. लहानपणी मी आजीच्या मांडीवर जागी राहायची ती काळ्या पेहरावातल्या संकासुरासाठी. त्याच्याजवळ लिहिलेलं काही नसायचं. समोर बसलेल्या गावकऱ्यांनाच तो मालवणीत धरायचा आणि अख्खं मैदान हसायचं. एक माणूस, समोर गाव आणि तोंडातले शब्द. स्टँड-अप म्हणजे तरी दुसरं काय? फक्त त्या मांडावर द्रौपदीपासून रंभेपर्यंत सगळ्या बायका पुरुषच असायचे, आणि हसवणाराही पुरुषच.

माझ्या ओळखीतलं सगळ्यात विनोदी माणूस म्हणजे माझी आत्या. गौरीच्या रात्री फुगड्या रंगल्या की ती मधे उभी राहून सरपंचापासून भटजीपर्यंत गावाची नक्कल करायची. बायकांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. एकदा ओटीवरून काका नुसते खाकरले. आत्या वाक्याच्या मधेच थांबली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "चला गो, चाय टाकूया." ते अर्धं वाक्य मला आजही पुरं ऐकायचं आहे.

२०१७ मध्ये अदिती मित्तलचा कार्यक्रम नेटफ्लिक्सवर आला. एकटी बाई, हातात माइक आणि खाकरणारं कोणी नाही. तो मी मोबाइलवर दोनदा बघितला. तरी स्वतः उभी राहायला मला पाच वर्षं लागली.

या कामात घरी बसून लिहिलेलं फारसं उपयोगाला येत नाही. विनोद लोकांपुढे म्हणायचा, कुठे हसले, कुठे गप्प राहिले ते बघायचं, शब्द काढायचे आणि दुसऱ्या दिवशी परत म्हणायचा. चांगली पाच मिनिटं तयार व्हायला शंभरेक वेळा उभं राहावं लागतं, असं मला पहिल्या दिवशीच सांगण्यात आलं. हा सराव होतो तो ओपन माइकवर, म्हणजे नाव नोंदवून कोणीही चार-पाच मिनिटं बोलू शकतं अशा कार्यक्रमात. मुंबईत अंधेरीला राहणारा मुलगा एका संध्याकाळी असे दोन-तीन करू शकतो. माझा हिशेब वेगळा होता. ओपन माइक बहुतेक मधल्या वारी असतात, कारण शनिवार-रविवार तिकिटाच्या शोंना जातात. म्हणजे आदल्या संध्याकाळी कुडाळहून कोकणकन्या धरायची, पहाटे मुंबईत उतरायचं, दिवस मावशीकडे काढायचा, रात्री चार मिनिटं बोलायचं आणि दादरहून १२ वाजून ५ मिनिटांची तुतारी एक्स्प्रेस गाठायची. चार मिनिटांसाठी दोन रात्री आणि रजा. काही ठिकाणी स्पॉटसाठी, म्हणजे त्या चार मिनिटांसाठी, उलट आपणच पैसे भरायचे. पहिल्या वर्षात माझे ११ स्पॉट झाले. रात्री उशिरा, घरापासून लांब, अनोळखी लोकांत उभं राहण्याचा सराव हीच या धंद्याची शाळा आहे, आणि आमच्या मुलींना सगळ्यात आधी बंद होतं ते हेच दार. बायकांना विनोद जमत नाही असं कोणी म्हणालं की मला या गाड्यांचं वेळापत्रक आठवतं.

मुंबईत चौदा जणांच्या लाइनअपमध्ये आम्ही दोघी असायचो, कधी मी एकटी. होस्ट पुरुषांची ओळख नाव आणि गाव सांगून करायचा. आमच्या वेळी म्हणायचा, "आता जोरात टाळ्या हव्यात, कारण येते आहे एक लेडी कॉमिक." पहिला पंच लागायच्या आतच प्रेक्षक सावध होऊन बसायचे. नवरा, सासू, स्वयंपाकघर याविषयी बोललं तर "बायकांचं तेच तेच". माझ्या आधीचा मुलगा दहा मिनिटं बायकोविषयी बोलला तर ते निरीक्षण. हे मला तेव्हा फार लागलं होतं आणि आजही लागतं.

तिथे माझी स्वतःची एक चूक झाली, ती सांगायला हवी. मी मालवणीत बोलले की लोक हसायचे, पण भाषेला हसायचे. नुसतं "गो" म्हटलं तरी खसखस पिकायची आणि खऱ्या विनोदापाशी शांतता. म्हणून मी मालवणी काढून टाकली आणि प्रमाण मराठीत सेट, म्हणजे सलग म्हणायचे सगळे विनोद, लिहिला. तो नीट होता, पण त्यात मी नव्हते.

गोवा जवळ म्हणून पणजीलाही गेले. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पण ते राज्याच्या हद्दीपर्यंत, म्हणजे बांद्यापर्यंत अर्धं आणि पुढे पूर्ण. पैशांचं काही नाही, परतीची गाडी नसायची. कार्यक्रम नऊला सुरू व्हायचा आणि तोवर शेवटची एसटी निघून गेलेली. दोनदा नवरा मोटारसायकल घेऊन रात्री साडेअकराला न्यायला आला. तिसऱ्यांदा पाऊस होता, मीच येऊ नको म्हटलं आणि गोवा सुटलं.

आता जे सांगते आहे ते वाचूनच पुढे जा. मुंबईतल्या एका आयोजकाने स्पॉट देतो म्हणून रात्री उशिरा मेसेज करायला सुरुवात केली. आधी सेटविषयी, मग माझ्या फोटोंविषयी, मग "शो संपल्यावर थांब, मोठ्या शोचं बोलू". मी उत्तर देणं बंद केलं आणि स्पॉट बंद झाले. ऑक्टोबर २०१८ मध्ये, बायका आपल्या छळाविषयी उघड बोलू लागल्या त्या मी-टूच्या वेळी, कॉमेडीतल्या नावाजलेल्या लोकांवर आरोप झाले होते, ते मी वाचलं होतं. पण ते सगळं मोठ्या लोकांचं, आपण कोण, आपली नोकरी थोडीच आहे तिथे, असं मला वाटत राहिलं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा मी खूप उशिरा नीट वाचला. त्यात मोबदला न घेता काम करणारी बाईसुद्धा येते. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या जागी तक्रार ऐकणारी अंतर्गत समिती नसली तरी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची. माझे तीन महिने उलटून गेले होते आणि रागाच्या भरात मी मेसेजही पुसून टाकले होते. तुम्ही पुसू नका. स्क्रीनशॉट काढा, तारखेसकट ठेवा, आणि एका तरी मैत्रिणीला त्याच दिवशी सांगा. आता आम्हा सात जणींचा एक ग्रुप आहे. कुठल्या जागी जायचं, कुठे एकटीने जायचं नाही, हे तिथे विचारूनच आम्ही नाव नोंदवतो.

त्यानंतर चार महिने मी माइक धरला नाही. घरी सासूबाईंना एकप्रकारे बरंच वाटलं असावं. सुरुवातीला त्या म्हणाल्या होत्या, "बायलमाणसान असां उभ्यान लोकांका हसवूचां? लोक काय म्हणतले?" त्यात त्यांचं वाईटपण नव्हतं. त्यांनीही कधीतरी कोणाचं तरी खाकरणं ऐकलेलं असणार.

वाट सुचली ती बचत गटाच्या बैठकीत. महिन्याच्या एका रविवारी दुपारी तीनला शाळेच्या वर्गात वीस-बावीस जणी जमतात. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली की अर्धा तास गप्पा. मी अध्यक्ष वहिनींना विचारलं, त्यातली सात मिनिटं मला द्याल का? त्या म्हणाल्या, दे गो, पण बसान नको, उभी रवान बोल. माइक नव्हता, दिवे नव्हते, गाडी गाठायची नव्हती. दुपारचे तीन वाजले होते आणि घरी कोणाला उत्तर द्यायचं नव्हतं.

मी चतुर्थीचा सेट केला. चाकरमानी आले, घरात सव्वीस माणसं, पंगतीवर पंगती, पुरुष मंडळी आरतीत आणि पत्त्यांत, आणि चुलीपाशी उभी असलेल्या मला कोणीच काही विचारत नाही. शेवटी गणपतीच विचारतो, "तुम्ही जेवलात का?" बायका हसल्या, पण हलकंसं. रात्री भांडी घासताना सासूबाई, ज्या मागच्या बाकावर गप्प बसून होत्या, मला म्हणाल्या, "देव तुका 'तुमी' कित्याक म्हणात? घरचो तो."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. मुंबईला घाबरून काढलेला "गो" त्यांनी एका वाक्यात परत आणून दिला. पुढच्या बैठकीत मी सगळा सेट मालवणीत केला. पंगतींचं लांबण कापलं. सव्वीस पानं वाढून झाली, एवढंच सांगितलं, क्षणभर थांबले आणि गणपतीच्या वर बांधतात त्या माटवीखालून आल्यासारखा आवाज काढला, "जेवलंस काय गो?" एक जण बाकावर डोकं टेकून हसत राहिली. दुसरीने डोळे पुसले. ते हसण्याचे होते की कसले, मी विचारलं नाही. वाडी-वाडीच्या गटांत मिळून वर्षभरात असे ३४ स्पॉट झाले. मुंबईच्या तिप्पट.

गेल्या हिवाळ्यात रिक्षा स्टँडच्या सत्यनारायणाच्या पूजेला डबलबारीआधी, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याआधी, मला पंधरा मिनिटं मिळाली. समोर खुर्च्यांवर पुरुष, मागे देवळाच्या भिंतीशी बायका. बैठकीतल्या ओळखीच्या कितीतरी. पहिल्या तीन विनोदांना पुढचे हसले आणि मागे शांतता. वरून मला स्वच्छ दिसत होतं. हसू आलं की बाई आधी पुढे बघायची, आपला माणूस हसतोय का ते, आणि मग पदर तोंडाला लावायची. चतुर्थीचं आलं. मी थांबले. "जेवलंस काय गो?" या वेळी पुढे शांतता झाली आणि भिंतीकडून हसणं आलं, पदराशिवाय. पहिल्या रांगेतल्या एका रिक्षावाल्या दादांनी मान वळवून मागे बघितलं, आपल्या बायकोला शोधत. ती हसतच होती. मग तेही हसले, जरा उशिरा.

पाकिटात ५०१ रुपये आणि नारळ मिळाला. मांडवातून बाहेर पडत होते, तेवढ्यात मासळी विकणाऱ्या एका मावशींनी हात धरला. म्हणाल्या, "माझ्याकडे एक आसा. पण तां माझ्या झिलाचां."

मी म्हटलं, रविवारी तीनला या.

"तीनला नळाक पाणी येता," त्या म्हणाल्या. "साडेतीनला चलात?"

गेल्या रविवारी आम्ही साडेतीनला सुरू केलं.