सुईला काय ठाऊक

परवा दुपारी अ‍ॅम्प्लिफायर बंद होता आणि रेकॉर्ड फिरत होती. स्पीकर गप्प, तरी गाणं चालू. बारीक, किनरं, पण शब्द लागावेत इतकं स्पष्ट. सुईपाशी कान नेला तर ठेकाही मोजता येत होता.

रेकॉर्ड लावणाऱ्या कुणालाच यात नवल वाटणार नाही. मलाही वाटायला नको होतं. पण दुपारची वेळ, हाताला काम नाही, आणि डोक्यात भलतंच सुरू झालं. सुई एवढी गाते, तर ज्या टोनआर्मच्या, म्हणजे सुईच्या दांड्याच्या, टोकाला ती बसवली आहे त्याच्याही अंगात गाणं शिरत असणार. आर्म ज्या खुंटावर उभा आहे त्यात, तिथून खालच्या प्लिंथमध्ये, म्हणजे टर्नटेबलच्या बैठकीत. त्याच प्लिंथवर थाळी फिरते, थाळीवर रेकॉर्ड, रेकॉर्डवर सुई. म्हणजे सूर निघाला की त्याचीच थरथर घरभर हिंडून पुन्हा सुईच्या पायाशी हजर.

चावीच्या ग्रामोफोनला ही भानगड नव्हती. तिथे पोकळ आर्म हाच आवाजाचा रस्ता. सुईने पातळ पडदा हलवायचा, आवाजाने आर्मच्या नळीतून कर्ण्यात जायचं. सुईची थरथर विजेत बदलणारा पिकअप आला आणि आर्मच्या नशिबी उलटंच काम आलं: सुईला खाचेवर धरायचं आणि बाकी काहीच करायचं नाही. एलपीची खाच साधारण ०.०५ मिलिमीटर रुंद, तिच्या भिंतींवरची नागमोड त्याहून कितीतरी सूक्ष्म. अशा ठिकाणी काहीच न करता राहणं सोपं नाही. आर्म आणि कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते ती डबी) या जोडीची स्वतःची कंपनं ८ ते १२ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ८ ते १२ वेळांच्या, मधे पडतील असं वजन जुळवावं लागतं. त्याच्या खाली वाकड्या रेकॉर्डचे चढउतार, त्याच्या वर संगीत.

माझी एक खोड आहे. कुणाकडे टर्नटेबल दिसलं की ते ठोकून बघितल्याशिवाय मला राहवत नाही. थाळी थांबवायची, सुई रेकॉर्डवर टेकवायची, आवाज थोडा वाढवायचा आणि बोटाच्या पेराने प्लिंथवर टकटक. स्पीकरमधून ‘धप्’ आलं की यजमानांचा चेहरा पडतो. मग मी खालचं मेज ठोकतो, शेजारचं कपाट ठोकतो. “अहो, भिंत तरी सोडा,” असं एका घरी मला ऐकावं लागलं. भिंत मी सोडली नाही.

याच ठोकाठोकीतून काही मंडळी पार टोकाला पोचतात आणि आर्मला टर्नटेबलपासून वेगळाच काढतात. पितळेचा नाहीतर पोलादाचा जडशीळ खांब, त्यावर आर्म. खांब टर्नटेबलला खेटून उभा, पण कुठे शिवत नाही. मोटरची घरघर, बेअरिंगची कुरकुर, सगळं पलीकडे राहावं ही अपेक्षा. दिसायला तर इतकं देखणं की रेकॉर्ड लावायचंच विसरावं.

पण सुईला काय ठाऊक? कार्ट्रिजमध्ये चुंबक आणि तारेची वेटोळी. सुई कार्ट्रिजच्या मानाने किती हलली, एवढंच त्यातून विजेच्या रूपाने बाहेर पडतं. खाचेने सुईला ढकललं, थाळीने झोल खाल्ला की खांब कलला, तिच्या लेखी सगळं सारखंच. सगळ्याचं गाणं समजून ती पुढे पाठवते. म्हणून खांब आणि थाळी आपापल्या मर्जीने हलू लागले की त्यांच्यातली तफावतच ऐकू येते. एकाने शिवणाची सुई धरली आहे आणि दुसरा तिच्यात दोरा ओवतो आहे. दोघं एकाच झोपाळ्यावर असतील तर झोका चढला तरी दोरा जाईल. दोन झोपाळ्यांवर बसवा आणि बघा.

खांबवाले म्हणतात, दोन्ही एकाच जाड दगडी लादीवर ठेवा. ठीक आहे. पण मग ती लादीच प्लिंथ झाली की! वेगळं काय काढलं? इथपर्यंत आलं की वाद रात्र होईपर्यंत चालतो आणि गाणं कुणीच ऐकत नाही.

एडगर विल्चर यांनी १९६१ साली अ‍ॅकूस्टिक रिसर्च या कंपनीच्या टर्नटेबलमध्ये हा गुंता फार साधेपणाने सोडवला होता. थाळीचं बेअरिंग आणि आर्म, दोन्ही टी अक्षराच्या आकाराच्या एकाच धातूच्या पट्टीवर घट्ट बसवले आणि ती पट्टी तीन स्प्रिंगांवर टांगली. मोटर बाहेरच्या फळीवर राहिली. थाळीशी तिचा संबंध एका रबरी पट्ट्यापुरता. रेकॉर्ड वाजत असताना प्लिंथवर हातोडी मारून दाखवायचे आणि गाणं जागचं हलत नसे. दोघांना जगापासून तोडलं, एकमेकांपासून नाही. पुढे स्प्रिंगा अजिबात नकोत, हलकी नि ताठ फळी बरी, म्हणणारे रेगासारखे टर्नटेबल बनवणारेही आले, पण आर्म आणि बेअरिंगची गाठ त्यांनीही सैल केली नाही, उलट आवळलीच.

स्प्रिंगेला एक वैरी आहे, लाकडी जमीन. हातोडीचा घाव झटक्याचा, तो स्प्रिंग गिळते. पावलांनी फळ्या वरखाली होतात त्या सावकाश, जवळजवळ स्प्रिंगेच्याच लयीत. मग तीही झोका घेऊ लागते आणि सुई उडते. त्यात स्टिरिओ. मोनोच्या, म्हणजे एकाच वाहिनीच्या, काळात सुईची फक्त आडवी हालचाल आवाजात उतरायची. अ‍ॅलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली पेटंटसाठी मांडलेली पद्धत, एका खाचेच्या दोन भिंतींवर दोन वाहिन्या, १९५८च्या सुमारास दुकानांत आली आणि तेव्हापासून वरखाली हलणंही ऐकू येऊ लागलं. म्हणजे जमीनसुद्धा.

काकांच्या वरच्या मजल्याला अशीच लाकडी जमीन होती. रेकॉर्ड लागली की “पाय!” एवढा एकच शब्द, आणि आम्ही मुलं असू तिथे थिजायचो. कुठली फळी दबते, कुठली वाजते, आम्हाला पाठ होतं. काकू आत यायची ती भिंतीच्या कडेकडेने, कारण कडेला फळ्या कमी हलतात हे काकांच्या आधी तिला कळलं होतं. सुई उडाली तरी काका ओरडत नसत. शांतपणे उठून आर्म उचलायचे आणि ती बाजू पुन्हा पहिल्यापासून लावायचे. म्हणजे आणखी वीसेक मिनिटं हलायचं नाही. मार परवडला असता.

मोठेपणी मी त्यांना विचारलं, “काका, भिंतीला फळी ठोकून तिच्यावर ठेवलं असतं तर? भिंत पावलांनी हलत नाही.”

“सुचलं होतं रे,” ते म्हणाले, “पण मग तुम्ही गप्प बसला असतात का?”

आणि सगळं तोडून-जोडून झालं, टकटक केली तरी स्पीकर ब्र काढत नाही, मग काय ऐकू येतं? लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये मुद्रित झालेली एखादी रेकॉर्ड लावून बघा. डेका आणि ईएमआय या रेकॉर्ड कंपन्यांनी कितीतरी नावाजलेली वाद्यवृंदाची मुद्रणं तिथे केली, कारण हॉलचा नादच तसा होता. त्याच्या खालून भुयारी रेल्वे जायची. संथ, हळुवार जागी तळातून एक गडगड येते आणि विरते. टर्नटेबल जितकं शांत, तितकी गाडी स्पष्ट. ती खाचेतच कोरलेली; तिला कुठला खांब अडवणार? मला आताशा ती गाडी आवडू लागली आहे. वादकांनाही ती पायाखाली जाणवली असेल, आणि ते वाजवत राहिले.

काकांकडे नाचाच्याही रेकॉर्डी होत्या, चांगल्या थप्पीभर. त्या सगळ्या आम्ही भिंतीला पाठ लावून, मांडी घालून ऐकल्या. काकू लग्नाआधी नाच शिकली होती, हे फार पुढे कुणाच्या तरी बोलण्यातून कळलं. काका बाहेर गेले की ती रेडिओ लावायची, हे मात्र मला आधीपासून माहीत होतं.