देवळात जात नाहीस, मग चर्चमध्ये कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मावशीने विचारून झालंय, वहिनीने विचारून झालंय. फ्रान्सचे फोटो टाकले की कुणीतरी विचारतंच, "घरच्या गणपतीच्या आरतीला उभी राहत नाहीस आणि तिकडे चर्च कसली बघत फिरतेस?"

माझं उत्तर ठरलेलं असायचं. मी देव बघायला जात नाही, दगड बघायला जाते. बाराव्या शतकातली रोमनेस्क चर्च, जाडजूड भिंती, अर्धगोल कमानी, नंतरच्या गॉथिक चर्चसारखी उंचीची ऐट नाही. आतल्या अंधाराला डोळे सरावले की खांबांच्या माथ्यावर कोरलेली माणसं एकेक करून दिसायला लागतात. हे मी कितीतरी वर्षं ठणकावून सांगितलं. मग आईला फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या ओतँ गावाला नेलं.

तिथल्या चर्चच्या मुख्य दारावर अंतिम न्यायाचं, म्हणजे जगाच्या शेवटी ख्रिस्त सगळ्यांचा निवाडा करतो त्याचं, शिल्प आहे. कुठूनतरी आलेल्या दोन प्रचंड पंजांनी एका माणसाची मुंडी धरलीये. १७६६ मध्ये तिथल्याच पाद्र्यांना हे सगळं ओबडधोबड वाटलं, त्यांनी ते लिंपून टाकलं. ख्रिस्ताचं डोकं पुढे येत होतं, तेही काढलं. लिंपलेलं होतं म्हणूनच फ्रेंच क्रांतीच्या तोडफोडीत ते वाचलं. डोकं परत बसायला १९४८ साल उजाडलं. पाद्र्यांना नावं ठेवत मी हे आईला सांगत होते आणि आई पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती.

आजूबाजूला माणसं होती. मी हळू आवाजात, पण खेकसलेच, "अगं, इथे काढत नाहीत. काय हे!"

तिने काही न बोलता नाड्या परत बांधायला घेतल्या. गुडघ्यांमुळे तिला वाकायला वेळ लागतो. मी मदत केली नाही. वर त्या पंजांकडे बघत उभी राहिले.

तिथे बूट काढत नाहीत हे खरंच आहे. पण मला नियमाचं काही पडलं नव्हतं. मला तिची लाज वाटली होती.

वरच्या दालनात खांबांचे काही मूळ माथे जवळून बघता यायचे. एकावर बाळ येशूच्या दर्शनाला गेलेले तीन राजे मुकुटांसकट एकाच पांघरुणात झोपलेत. देवदूत एकाच्या हाताला नुसतं बोट लावतोय आणि त्याचेच तेवढे डोळे उघडलेत. मी शिल्पकाराबद्दलचे वाद सांगायला लागले, तर आई म्हणाली, "तिघांत एक गोधडी. कडेच्याला थंडी वाजत असणार." त्या दिवशी ती आपणहून एवढंच बोलली.

म्हणजे दगड कोण बघत होतं?

देवावर विश्वास अजूनही नाही. आरतीला उभी राहणार नाही, तो विषय नको. पण मागच्या वर्षी बर्गंडीतल्याच वेझलेच्या चर्चमध्ये, त्या पांढऱ्या-तपकिरी कमानींखाली संध्याकाळची प्रार्थना सुरू झाली. साधू-साध्वी मिळून गात होते. अशा वेळी मी उठून बाहेर येते. या वेळी शेवटपर्यंत बसले. त्यांचे आवाज चांगले होते.